बंदुकीचा वाटा

मंगळवार, संध्याकाळ

हात तीनदा धुतले, तरी रक्ताचा वास जात नाही. सकाळी रानात डुक्कर समजून गावातल्या बाळ्याने ठासणीच्या बंदुकीने करवंदीच्या जाळीत बार काढला. आत हाकारा करणारा माझा चुलतभाऊ दत्ता होता. छर्‍यांनी गळाच फाडला त्याचा. आरडाओरडा ऐकून मी धावत गेलो, टॉवेल दाबून बसलो, पण रक्त बोटांतून येतच राहिलं. गेला.

दुपारी देवरूख ठाण्याचे साहेब आले. "पोलीस पाटील ना तुम्ही? गावात विनापरवाना बंदूक आहे, माहीत नव्हतं?"

"नाही साहेब." किती पटकन बोललो मी!

शिकार झाली की मटणाचे वाटे पडतात. माणसांना एकेक, बंदुकीला एक जादा. आणि एक माझ्या घरी, सागाच्या पानात बांधून. तो खायचा आणि ठाण्यात लिहून द्यायचं, गावात बेकायदा हत्यार नाही. भडव्या, कुणाला फसवलंस?

बाळ्याला बेड्या घातल्या, तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. माझ्या वाट्याचं साहेबांना सांगितलं नाही त्याने.

दत्ताची बायको छाती बडवत म्हणाली, "भावोजी, ती बंदूक आधीच का नाय पकडून दिलीत?"

रविवारच्या शिकारीचा वाटा अजून फ्रिजमध्ये आहे. सागाचं पान सोडलेलंही नाही. दत्तानेच आणून दिला होता.