समुद्रपक्ष्यांच्या कवितेचं शेवटचं कडवं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुम्हालाच लिहायला बसलेय. मघाशी शेजारीण दारातून ओरडून गेली, "वैनी, कागलच्या तिकडं कारखान्यात बॉयलर फुटलाय म्हणं. तुमचं मालक तिकडंच हाईत न्हवं?" ह्यांची पाळी कधीच सुटली असेल, आणि मोबाईल लागत नाही. मला भीती वाटतेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, लावून घ्या. तोंडातून नुसतं 'येतील, येतील' निघतंय, आणि तेच ऐकून तुमचा स्पॅनिशचा वर्ग आठवला.

एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुम्ही रसग्रहणाला दिलेल्या त्या स्पॅनिश कवितेत समुद्रपक्षी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर परततात, कोळ्याची बायको वाट बघत उभी असते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणते, पाखरं आली, होडी नाही. रंकाळ्यापलीकडचं पाणी न पाहिलेली मी शाळेतल्यासारखी लघु-गुरू लावत बसले. तुम्ही टेबलावर बोटं वाजवलीत, "हितं मात्रा न्हाईत गं, अक्षरं मोज. ओळीला आठ." यमक एकाआड एक ओळीला, तेही नुसत्या स्वरांचं, ते ओळखणं कसंबसं जमलं. पालुपदाबद्दल मात्र मी लिहिलं, कानाला गोड वाटावं म्हणून ते पुन्हा पुन्हा येतं. शेवटच्या कडव्यात पक्षी एकदम उडतात आणि पालुपद येतच नाही. मला वाटलं, आरतीच्या पुस्तकात तरी ध्रुवपद दर वेळी कुठे छापतात, ते आपण म्हणायचंच असतं. म्हणून कविता वहीत उतरवताना मी ते शेवटी स्वतःच जोडून दिलं.

चिडलात की तुमची बोली थेट कुरुंदवाडची व्हायची. "ही काय आरती हाय व्हय? माणूस भ्यालं की त्येच त्येच बोलतंय. आन् हितं ती गप झालीया. तिच्या तोंडात शब्द घालू नगंस." मी भीतभीत विचारलं, होडी आली म्हणून गप्प, की येणार नाही हे कळलं म्हणून? तुम्ही फळा पुसत म्हणालात, "ती बघंल तवा कळंल की." तेव्हा ते मला उत्तर टाळणं वाटलं होतं, रागही आला होता.

आत्ता फाटकाची कडी वाजली. मोटरसायकल आत घेताना हे हॉर्न देतातच. आज नुसती कडी वाजली. माझं 'येतील, येतील' कधी थांबलं कळलंच नाही. बाई, उठून खिडकीतून बघायला हवं. पण उठवत नाही, म्हणून कुठेच टाकायचं नसलेलं हे पत्र लांबवत बसलेय.