गाडीला माणूस कळतं

३ मार्च

आज पुन्हा बंद! भर चौकात. मागे वाहनांची रांग, कर्कश हॉर्न, आणि मी आपली किल्ली फिरवतेय. इंजिन नुसतं खोकतं, सुरू व्हायचं नाव नाही. शेवटी फळवाला आणि त्याचं गिऱ्हाईक, दोघांनी ढकलून कडेला लावली.

यांना जाऊन वर्ष होत आलं. वर्षभर गाडीने कुरकुर केली नाही. यांची सीट पुढे घ्यायला माझा हात धजत नव्हता, म्हणून पाठीला उशी लावून चालवायचे. पाय ताणून क्लचशी कुस्ती! गेल्या आठवड्यात लेक फोनवर म्हणाली, आई, बाळंतपणाला एवढ्या लांब येणार आहेस, नीट बसून तरी ये. म्हणून सीट पुढे ओढली. त्याच दिवसापासून ही कटकट.

योगायोग असेल. पण आज चौकात यांचंच वाक्य कानात — "गाडीला माणूस कळतं."

५ मार्च

गाडी गॅरेजात. मालकाला मी मनातल्या मनात डॉक्टर म्हणते. बॉनेटवर कान ठेवतो, डोळे मिटतो, मग गंभीर चेहऱ्याने "काकू, वय झालंय हो हिचं" असं सांगतो. इंजिनात दम राहिला नाही म्हणे. पूर्ण उघडावं लागेल.

धीर करून त्याला सांगितलं, सीट पुढे घेतल्यापासून हे होतंय. तो हसला. "सीटचा आणि इंजिनचा काय संबंध, काकू?"

खरंच, काय संबंध! मलाच ओशाळल्यासारखं झालं.

६ मार्च

ठेव मोडली. यांना आवडलं नसतं.

११ मार्च

खाली गाडीची जागा रिकामी. फरशीवर तेलाचा डाग तेवढा आहे. सारखी गॅलरीत जाऊन बघते, आणि बघितलं की ती सकाळ आठवते.

लेक तेव्हा पाच वर्षांची. भांडण कशावरून झालं ते आठवत नाही — आठवतं, पण लिहायचं नाही. त्याआधी एकदा अशीच गाडी घेऊन माहेरी गेले होते, बरेच दिवस राहून परत आले होते. ही दुसरी वेळ. बॅग मागच्या सीटवर, लेक पुढे, मांडीवर बाहुली. हे म्हणाले, जायचं तर जा. अडवलं नाही. चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी किल्ली फिरवतेय, फिरवतेय. गाडी ढिम्म! लेक म्हणाली, आई, तिला यायचं नाहीये का? शेवटी वर आले. कपडे पुन्हा कपाटात लावले. दुसऱ्या दिवशी यांनी किल्ली लावली आणि एका झटक्यात सुरू. तेव्हा पहिल्यांदा म्हणाले ते, हसत — "गाडीला माणूस कळतं." मीही हसले. म्हटलं, नशिबातच नव्हतं जाणं. पुढेही एकदोनदा बसून पाहिलं, तीच तऱ्हा. मग चालवणं सोडूनच दिलं. लायसन्सची मुदत कधी संपली तेही कळलं नाही. नवं काढलं ते हे गेल्यावर.

पण अडवलं नाही, हे मी यांच्या बाजूने कायम सांगत आले. बहिणीला सांगितलं, लेकीला सांगितलं. कुणी हात धरतं, कुणी दाराला कुलूप लावतं. यांनी तसं काही केलं नाही.

१६ मार्च

गाडी आली! डॉक्टर स्वतः चालवत घेऊन आला. सीट पार मागे सरकवून, ऐटीत. म्हणाला, नवा जन्म झालाय हिचा. आवाज खरंच मऊ येतोय. पैसे गेले ते गेले, लेकीकडे तरी निर्धास्त जाता येईल.

१७ मार्च

सीट पुढे घेतली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यापर्यंत गेले. बंद.

स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले. यांच्या केसांच्या तेलाचा वास अजून आहे सीटला. मोठ्याने बोलून गेले — "अहो, जाऊ द्या ना मला!" शेजारून जाणारी बाई थबकली. वेडी समजली असेल. समजू दे.

१८ मार्च

डॉक्टर आला, सीट मागे ढकलून बसला, किल्ली फिरवली. सुरू! माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला काहीतरी करते. आता म्हणतो, पंप बदलून बघू. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, चाललंय आपलं!

सीटचं पुन्हा बोलले नाही. काय बोलणार? की माझा गेलेला नवरा मला त्याच्या जागेवर बसू देत नाही?

मला आता भीती वाटते, हे खरं. गाडीजवळून जाताना आत बघत नाही.

२० मार्च

लेकीचा फोन. पाय सुजलेत, डॉक्टरीण म्हणते दिवस आधीच भरतील. जावई जहाजावर, त्याला परतायला अजून महिना. म्हणाली, "आई, तू गाडी घेऊन ये. ऐन वेळी हॉस्पिटलात न्यायला मला दुसरं कोणी नाही." लहानपणी तापात बोलायची तसा आवाज.

येते म्हटलं. कशी, ते तिने विचारलं नाही.

२१ मार्च

आज दुपारी ठरवलं, हे असतील तर असोत, भांडायचं. गाडीत जाऊन बसले. उशी नाही, सीट हिसक्याने पुढे ओढली. किल्ली फिरवली, ढिम्म! तेवढ्यात चष्मा पडला, सीटखाली गेला. हात घालून चाचपडले तर चष्म्याआधी दुसरंच काहीतरी बोटाला लागलं. बोराएवढं, गार, खाली घट्ट बसवलेलं. दाबलं तर खट्‌ झालं.

किल्ली फिरवली. सुरू झाली!

पुन्हा खट्‌ केलं. बंद. पुन्हा खट्‌. सुरू. लहान मुलासारखी खेळत बसले. हसू येत होतं.

२२ मार्च

गॅरेजात जाऊन दाखवलं. डॉक्टर सीटखाली शिरला, बाहेर आला तेव्हा कान लाल. म्हणाला, हा चोरखटका, काकू. पूर्वी लोक बसवून घ्यायचे. खटका पाडून ठेवला की चोराने किल्ली मिळवली तरी गाडी हलत नाही. सीट पुढे घेतली की खालची दांडी खटक्याला टेकते आणि जरा हिसका बसला, खड्डा आला की पाडते. सीट मागे नेली की तीच दांडी तो परत उचलते. बस्स, एवढंच! आणि इंजिन मात्र उघडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. तर म्हणतो कसा, "इंजिन तरी नवं झालं ना!" चांगलं फैलावर घेतलं त्याला. पंपाचं नाव काढलं नाही परत.

घरी येऊन खूप रडले, पण हलकं वाटलं. हे किती जपायचे गाडीला! आणि मी काय काय मनात आणलं. फोटोसमोर उभी राहून म्हटलं, चुकलं हो माझं.

२३ मार्च

खटका काढून घ्यायला गेले. डॉक्टरचे वडील आज गॅरेजात येऊन बसले होते. गॅरेज मुळात त्यांचं. निघालेला खटका त्यांनी हातात घेतला, वायरीची गुंडाळी उलटसुलट करून पाहिली, आणि ओळखला. माझ्या हातचं काम आहे, म्हणाले. साहेबांनी घाईघाईने करून घेतलं होतं. वहिनी माहेराहून आल्यात, आजच्या आज पाहिजे, म्हणून मागे लागले होते.

"मी विचारलं, चोऱ्या होतात का तुमच्याकडे? तर म्हणाले, चोर घरातलाच आहे."

मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने विचारलं, "मुलगा काय करतो आता? सुधारला का?"

मुलगा नाही मला, म्हटलं. एक मुलगी. तेव्हा पाच वर्षांची होती.

म्हाताऱ्याने खटका बाकावर ठेवून दिला.

२४ मार्च

बॅग मागच्या सीटवर ठेवली. उशी इथेच राहू दे. गाडी एकदा सुरू करून पाहिली आणि गॅलरीचं दार लावायला वर आले.

इथून खालची ड्रायव्हरची सीट स्पष्ट दिसते. किल्लीवरचा हातसुद्धा दिसला असेल.

तो इथे उभा राहून चहा पीत होता.