विरजण लागत नाही

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. गावच्या सांडपाणी केंद्राची सगळी जबाबदारी आता माझ्यावर आहे. घरोघरचं घाण पाणी हौदात येतं, ते स्वच्छ करून नदीत सोडायचं. अजून गढूळच निघतंय. वीस तारखेला तपासनीस येणार. पाणी नितळ नसेल तर केंद्राला टाळं, आणि सगळी घाण पुन्हा थेट आपल्या नदीत.

त्यात विरजण लागत नाही. शेजारच्या गावाहून आणून दोनदा घातलं, सारखा ढवळतोय. काही नाही. जीव टांगणीला लागलाय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

६ मार्च

चि. खुडबुड्यास,
अ. आ.

नदी वाचवायची सोडून तू दही लावत बसलायस? की तपासनिसाला वाटीभर खाऊ घालून पास होणार आहेस? शाळेत सिस्टर म्हणायच्या, अक्षरावरून माणूस कळतो. तुझ्या अक्षरावरून तू जेवत नाहीस एवढं कळलं.

अरे, विरजण घातलं की एकदा हलक्या हाताने ढवळायचं आणि बाजूला व्हायचं. तू पेरलेलं बीसुद्धा रोज उकरून बघायचास. उगवलं कधी?

आईने आपल्याला त्याच नदीत पोहायला शिकवलं. आणि मी इथे शेजारणींना सांगते, भाऊ पाणीखात्यात आहे. 'सांडपाणी' म्हणताना जीभ अडते. माफ कर.

वेळेवर जेव आणि आठवण ठेव.

ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, दही नव्हे गं! दुसऱ्या केंद्रातून आणलेल्या गाळाला आम्ही विरजण म्हणतो. त्यातले जिवाणू घाण खातात, त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. तुझं पत्र मी गंमत म्हणून आमच्या केंद्रातल्या केमिस्ट बाईंना वाचून दाखवलं. त्या हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ताई बरोबर सांगतायत. तुम्ही फार ढवळताय."

हौदात हवेचा जोर मी एवढा ठेवला होता की पुंजके जमायच्या आत फुटत होते. हवा निम्म्यावर आणली. दहा दिवस बाईंनी मला हवेच्या बटणाकडे फिरकू दिलं नाही.

आज तपासनिसाने हौदातल्या पाण्याने काचेची बरणी भरून खिडकीत ठेवली. अर्ध्या तासात गाळ तळाला, वर नितळ पाणी. त्याने बरणीमागे स्वतःचं ओळखपत्र धरलं आणि आरपार वाचलं. पास, ताई! पाणी नदीत पडतं तिथे मला दोन बोटभर मासे दिसले. बाई म्हणतात एकच होता. मी दोन मोजलेत.

ये ना. लोभाला अंतराचं निमित्त नको.

तुझा खुडबुड्या

२४ मार्च

चि. खुडबुड्यास,
अ. आ.

पत्र जिन्यातच उघडलं. मग तिन्ही मजल्यांवर दारं वाजवून सांगितलं, माझा भाऊ सांडपाणी स्वच्छ करतो. जीभ कुठेही अडली नाही. खालच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं करतो? म्हटलं, मी शिकवलं.

शनिवारी पोचते. गुडघे कुरकुरतील, पण मला त्या पाण्यात पाय सोडून बसायचंय, आई बसायची तसं. दुसरा मासा मी मोजेन.

लोभ नीट लागलाय. तोवर काही ढवळू नकोस.

ताई