पडवीची किल्ली आणि धनूची हातसायकल

कार्तिकातल्या एका शनिवारी पहाटे, आरतीला निघण्याआधी, मी पडवीच्या दारात नाथांच्या धुनीतली राख चाळून पसरली. चोर पकडायचा होता. देवाची राख अशा कामाला वापरली याची माफी त्याच सकाळी मागितली आहे. त्या राखेत जे दिसलं त्यामुळे हा कागद लिहावा लागला, म्हणून ते आधी नोंदवलं.

मी, गहिनीनाथ रंगनाथ बावडकर, वय ४९, धंदा शेती, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे आणि कुणीही मला धाक किंवा आमिष दाखवलेलं नाही. भाद्रपदात छातीत कळ येऊन गेली. पुन्हा आली तर बोलायला वेळ मिळेलच असं नाही.

कलम १. दोन खोल्यांचं घर आणि पावणेतीन एकर जिरायत जमीन पत्नी सविता हयात असेतोवर तिची, नंतर मुलगी धनश्री हिची. धनूचं लग्न झालं काय, न झालं काय, यात फरक होणार नाही. बँकेतली ठेव सविताची.

कलम २. माझी पान्यांची पेटी धनूला. बारा नंबरचा पाना शेजारच्या कानिफनाथने नेला आहे. तो नाही म्हणेल. त्याच्या मोटरीच्या खोलीत पाहावं.

कलम ३. हातसायकल. धनूचे पाय जन्मापासून चालत नाहीत. तिने मोबाईलवरून नगरच्या एका संस्थेकडे अर्ज केला आणि गेल्या उन्हाळ्यात ही सायकल आली. तीन चाकं, बुटकी, पाय लांब करून बसायचं आणि पायडल हातांनी फिरवायचं. अर्जात ‘कशासाठी’ या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘खेळण्यासाठी’. मला तिथेच शंका आली. कुबड्या कुणी दिल्या तर समजू शकतो. न चालणाऱ्या पोरीला खेळायला कोण कशाला काही देईल? टेम्पोतून सायकल उतरवली, फोटो काढले, माझी सही घेतली. मी मनाशी धरलं की हे लोक वर्षभराने येऊन ती परत नेणार आणि ओरखडा दिसला तर भांडणार. म्हणून सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नाही. सायकल पडवीत कुलूपबंद केली, किल्ली देव्हाऱ्यात नाथांच्या तसबिरीमागे ठेवली. दसऱ्याला औजारांबरोबर तिची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि पुन्हा कुलूप लावलं. धनू म्हणाली, “आण्णा, हार मला घाला, अन् सायकल बाहेर काढा.”

पुढे चाकांना ओली माती दिसली. माझी किल्ली जागेवर होती. पडवी सामाईक, दुसरी किल्ली धाकटा भाऊ बिभीषण याच्याकडे. मी देवळासमोर चार माणसांत त्याला विचारलं, “पोरीची सायकल कुणाला दाखवाया नेतुस रं? इकायचीय व्हय?”

तो म्हणाला, “दादा, मला देवानं दोन पाय दिल्यात. त्यात बसून मी काय ऊस तोडाया जाऊ?”

लोक हसले. मी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि दिवाळीला त्याच्या घरून आलेलं फराळाचं ताट झाकल्या रुमालासकट परत पाठवलं.

त्या शनिवारी आरती अर्ध्यावर सोडून घरी आलो. राखेवरून तीन चाकांच्या रेघा बाहेर गेल्या होत्या. चोराचं पाऊल शोधलं. पाऊल एकही नव्हतं. आत जाताना कुणी बसून सरकत गेल्यासारखा रुंद पट्टा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातांचे पंजे.

सविता चुलीपुढून उठली नाही. “तुमी आरतीला गेलं की जाती ती. हायवेला न्हाई, शाळंच्या मैदानावर. दीड महिना झाला.”

“अन् किल्ली?”

“मीच देती काढून. नाथांना सांगून काढती. तुमाला सांगितलं असतं तर दिली असती व्हय?”

मी शाळेच्या भिंतीआडून पाहिलं. रोज त्या वेळेला मी नाथांपुढे धनूच्या पायांसाठी हात जोडून उभा असायचो. ती फेऱ्या मारत होती. वाळका हार तसाच हँडलला, आणि माझ्या धाकाने प्लॅस्टिकही तसंच सीटवर. एका वळणाला एक चाक उचललं गेलं तेव्हा माझा जीव गेला. ती मोठ्याने हसली. मी हाक मारली नाही.

घरी येऊन संस्थेचा कागद सही केल्यानंतर पहिल्यांदाच पूर्ण वाचला. परत नेण्याबद्दल त्यात एक ओळ नाही. तरीही पुढे कुणी नवा कागद आणला तर धनूने वाचल्याशिवाय सही करू नये.

कलम ४. बिभीषण याला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये असं वकिलांनी सांगितलं, आणि मला साक्षीदार तोच हवा. आमच्या घरच्या फराळाचं ताट घेऊन मी त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली. तो म्हणाला, “करतो सही. पण आधी राख टाकून बघ, पावलं माझीच हायेत का.” त्याला तो हक्क आहे.

कलम ५. कलम ३ मधली हातसायकल माझ्या पश्चात धनूला मिळावी असं लिहिणार होतो. आज आरतीला न जाता मी कात्रीने सीटवरचं प्लॅस्टिक कापून काढलं, पडवीचं कुलूप विहिरीत टाकलं आणि सायकल धनूच्या ताब्यात दिली. सबब ती माझ्या मालकीची राहिलेली नाही. या मृत्युपत्रात ती धरू नये.

लिहून देणार : गहिनीनाथ रंगनाथ बावडकर (सही)
साक्षीदार : १) बिभीषण रंगनाथ बावडकर (सही) २) हनुमंत कल्याण गोरे (सही)
मिरजगाव, दि. ११ डिसेंबर २०२५