उमरेडच्या मशीनची किल्ली

पाचपावली, नागपूर
रविवार, ता. ३० ऑक्टोबर १९८८

प्रिय दादास,
पमीचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीच्या आधीच कुरकुर करायला लागला, पण तिचं तोंड अजून शाबूत आहे, तेव्हा काळजी करू नकोस. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी गावाकडची मंडळी आली होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांनी तुझी चौकशी केली. आईनं सगळ्यांना सांगितलं की तुला रजा मिळाली नाही. मी चहा ठेवायला आत गेले.

देवकीवहिनीचं पत्र आलं. तुला सांगू नको असं तिनं दोनदा लिहिलंय, म्हणून मी पहिल्यांदा तेच सांगून टाकते. आपल्या विणकर संघाच्या उमरेड शाखेत कॉम्प्युटर आला, तू त्याच्यासमोर हात मागे बांधून बसतोस, आणि कुणी काही म्हटलं की चहाला निघून जातोस. मुख्य कार्यालयातून माणूस येऊन बघणार आहे. ज्याला मशीन चालवता येईल तो उमरेडला राहील, ज्याला येणार नाही तो गडचिरोलीच्या गोदामात जाईल. वहिनी घाबरलीय. पोरींची शाळा, तिचं शिवणाचं काम, सगळं उमरेडलाच आहे. आणि तू म्हणतोस म्हणे, "गडचिरोलीले जाईन, पण त्या डब्याले हात लावणार नाही."

लावशील. मी सांगते तसं कर. आधी कामाचं बोलू, बाकीचं मागून.

पहिली गोष्ट, त्या डब्याच्या आत जी व्यवस्था आहे तिला युनिक्स म्हणतात. ती एका वेळी पुष्कळ माणसांना काम करू देते, पण तू कोण हे आधी विचारते. तुझं नाव आणि तुझा पासवर्ड, म्हणजे गुप्त शब्द, दिला की दार उघडतं. हा शब्द पोरीचं नाव ठेवू नकोस, टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवू नकोस. आमच्या लकडगंजच्या मुख्य ऑफिसात तर एकानं खडूनं भिंतीवर लिहिला होता. का, तर रजेवर गेलो तर लोकांची अडचण नको!

आता मोठी गोष्ट. या मशीनमध्ये एक खातं असं असतं की त्याला कुठलीच बंदी नाही. ते उघडणारा कुणाचीही फाइल वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. त्याला सुपर युजर म्हणतात, आणि हे नावच आमच्या मुळावर आलं. नुसतं 'सुपर' ऐकलं आणि आमचे व्यवस्थापक उमाठे साहेब म्हणाले, तो पासवर्ड माझ्याकडे पाहिजे. मग अध्यक्षांकडे का नको? त्यांना दिला. मग उपाध्यक्ष रुसले. त्यांनाही दिला. एकेकाच्या खुर्चीप्रमाणे मान देत देत तो शब्द पार खरेदी विभागापर्यंत पोचला, आणि मी, जी रोज मशीन चालवत होते, तिला मात्र मिळाला नाही. साहेब सज्जन माणूस. मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडे दिला तं बाकीच्याईले वाईट वाटंल."

तू हसला असशील. हस. मी तेव्हा रडले होते.

उमाठे साहेब रोज सुपर युजर होऊन आत शिरायचे आणि नुसती हजेरी बघायचे. हजेरी बघायला एवढं मोठं हत्यार कशाला? एक दिवस त्यांनी जुनी फाइल पुसायला घेतली आणि ती ज्यात होती ते फाइलींचं पूर्ण कपाटच पुसलं. युनिक्स हुकूम मानते, दादा, 'खरंच पुसू का' असं विचारत बसत नाही. म्हणून माझं ऐक, पुसायच्या आधी फाइलींच्या नावाचा तोच नमुना देऊन नुसती यादी मागव. काय काय जाणार ते डोळ्यांनी बघ, मगच पूस. आणि रोजचं काम स्वतःच्या साध्या खात्यातूनच कर. साध्या खात्यात चूक झाली तर तुझंच नुकसान होतं, संघाचं नाही.

अडलं तर 'मॅन' असं टाइप कर आणि पुढे त्या हुकमाचं नाव लिही. आत पुस्तकच आहे. इंग्रजी रुक्ष आहे, पण तू कोर्टाच्या नोटिसा वाचून आम्हाला समजावून सांगायचास, तुला ते काय जड जाणार?

आता खंडेनवमीचं सांगते, कारण नागपूरभर ते पसरलंय आणि तुझ्याकडे वेडंवाकडं पोचलं असेल.

घरी पाहुणे म्हणून मी नवमीपासून रजा घेतली होती. अष्टमीला संध्याकाळी निघताना सगळ्या कामाची प्रत टेपवर घेतली. ही टेप छोट्या पुस्तकाएवढी असते. एक प्रत ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि एक पर्समध्ये टाकून घरी आणली. ज्या इमारतीत मशीन त्याच इमारतीत सगळ्या प्रती, यात काय शहाणपण? आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही जाणार. आणि टेप घेतली की ती परत वाचून बघायची. न वाचलेल्या टेपवर विश्वास ठेवू नकोस.

नवमीला ऑफिसात हत्यारांची पूजा. विणकर त्या दिवशी मागाला विश्रांती देतो, तर मशीनलाही द्यावी, असं साहेबांच्या मनात आलं. भाव चांगलाच होता. रंभाबाई आणि सुमती आत टाइप करत होत्या, त्यांना 'उठा' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. धोंडबा शिपायानं भिंतीवरचा मोठा खटका बंद केला. मशीनवर हळद-कुंकू, झेंडू. कपाटातली टेपही पूजेला मांडली आणि तिच्यावर पाणी, अक्षता, सगळं साग्रसंगीत.

हे नीट लक्षात ठेव. युनिक्स लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर ठेवत नाही, थोडं मनात धरून असते. सगळ्यांना बाहेर पडायला सांगायचं, मग बंद होण्याचा हुकूम द्यायचा, ती 'झालं' म्हणाली की मगच खटका. मधेच वीज तोडली तर मनातलं जातं आणि आतली मांडणी विस्कटते.

दसरा झाल्यावर मी ऑफिसात गेले तर सगळे मशीनभोवती उभे. ती सुरू होत होती आणि प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. सूतवाटपाची फाइल गायब. दसऱ्यानंतर मागावर नवा ताणा लागतो, आणि दुसऱ्याच दिवशी वाटप ठरलेलं. कामठीपासून उमरेडपर्यंतचे विणकर येणार. कुणाला कोणत्या नंबरचं किती सूत, हे सगळं त्या फाइलीत. धोंडबा कोपऱ्यात उभा होता. मला म्हणाला, "बाई, मी तं नमस्कार करूनच बंद केलं." त्याला काय बोलणार!

मशीन देणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस निघू शकत नव्हता. ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, सुपर युजर होऊन डिस्क तपासायचा हुकूम द्या. मी साहेबांकडे बघितलं आणि पासवर्ड मागितला. सगळ्या खुर्च्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा, दादा, माझा तोल सुटला. मी धोंडबाच्या कमरेचा जुडगा दाखवला आणि म्हटलं, "साहेब, साऱ्या खोल्याईच्या किल्ल्या धोंडबाजवळ आहेत. म्हणून का तो अध्यक्ष झाला? हा मान नाही, हे राखणीचं काम आहे. राखतो त्याच्याजवळ किल्ली द्या."

उमाठे साहेबांनी माझ्यासमोरच्या कागदावर शब्द लिहून दिला. त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे.

मशीन विचारत गेली, मी फोनवर वाचून दाखवत गेले, तो सांगेल तसं उत्तर देत गेले. मांडणी सावरली, पण सूतवाटपाची फाइल काही मिळाली नाही. पूजेची टेप आम्ही यंत्रात घातलीच नाही. मी रिक्षानं घरी आले, पाहुण्यांच्या गाठोड्यांखालून माझी टेप काढली. आई म्हणाली, जेवून जा. मी म्हटलं, आल्यावर जेवीन. टेप वाचली गेली! अष्टमीच्या संध्याकाळपर्यंतचं सगळं जसंच्या तसं. नवमीच्या सकाळचं रंभाबाई आणि सुमतीनं चिठ्ठ्यांवरून पुन्हा टाइप केलं, आणि दिवेलागणीच्या आत यादी छापून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी एकही विणकर रिकाम्या हातानं गेला नाही. मी पायरीवर उभी राहून बघत होते. सुताचे गठ्ठे सायकलींवर बांधून लोक चालले होते आणि मला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगावा ते कळेना. खरं सांगू? तुलाच सांगावासा वाटला.

रंभाबाई आणि सुमती यांची नावं मी मुद्दाम लिहिली. तुला त्या आठवत असतील. मशीन आली की या टायपिस्ट रस्त्यावर येतील, असं तू संपात ऑफिसच्या फाटकावर ओरडून सांगत होतास. तुझं म्हणणं खोटं नव्हतं, काढायच्या यादीत त्यांची नावं होतीच. मी त्यांना शिकवलं, आणि आता त्यांच्यावाचून ऑफिस चालत नाही.

फाटकाचं निघालंच आहे तर सांगते. तुम्ही सगळे फाटकाच्या पायऱ्यांवर आडवे झोपला होता. तू म्हणालास, "पमे, पाय टाकशील तं आजपासून मले दादा म्हणू नको." मी तुझ्या पायांवरून ओलांडून आत गेले. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आधीही नव्हता. रागही आहे अजून, थोडा. पण तू बदली मागून उमरेडला गेलास आणि दादा म्हणायला समोर कुणी उरलं नाही, याचं दुःख रागाहून फार मोठं आहे.

संचालक मंडळानं मला संघाच्या सगळ्या मशीनची इनचार्ज केलं. ठराव एकमतानं झाला. जुने पासवर्ड रद्द झाले, अध्यक्षांचासुद्धा. म्हणजे मुख्य कार्यालयातून तुमच्याकडे येणारा माणूस कोण, ते तुझ्या लक्षात आलं असेल. हे लिहायला मी इतकी पानं घालवली. पुढच्या सोमवारी मीच येतेय. अध्यक्ष म्हणाले होते, "तुमचा भाऊ आहे न तिथं? दुसऱ्याले पाठवतो." मी म्हटलं, "नाही. मलेच पाठवा." दुसरा कुणी तुला दया दाखवून पास करेल किंवा जुन्या संपाचा राग धरून नापास. मी दोन्ही करणार नाही. तुला येत असेल तर येतं असं लिहीन, येत नसेल तर नाही असं लिहीन, आणि गडचिरोलीच्या बसमध्ये बसवायलाही मीच येईन.

पण आणखी एक झालंय. उमरेडच्या मशीनची राखण कुणाकडे द्यायची, हे मंडळानं मला विचारलं. तिथले शाखाधिकारी सुपर युजरसाठी आत्ताच हट्ट धरून बसलेत. तिथे असा माणूस पाहिजे की जो साहेबासमोर वाकणार नाही, रुसव्याफुगव्याला बधणार नाही, आणि दारात बसला की सख्ख्या बहिणीलाही 'जा' म्हणणार नाही. असा माणूस सगळ्या संघात मला एकच माहीत आहे. मी तुझं नाव लिहून दिलं.

तुला मशीन चालवता आली, की तिथला सुपर युजरचा पासवर्ड सोमवारी तू स्वतः बदलशील. मी पाठ फिरवून उभी राहीन. एकदा तू बदललास की तो मलाही कळणार नाही, इनचार्ज असूनही नाही. तोपर्यंत तुझ्या नावाचं साधं खातं उघडायला शाखेत सांगितलंय. आठवडाभर हात चालव. ऑफिसात मला सगळ्यांसारखं बाई म्हणावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. संध्याकाळी वहिनीच्या हातचं जेवायला येणारच आहे. तेव्हा काय म्हणायचं ते तू ठरव. मी तर सबंध पत्रभर तुला दादाच म्हटलंय.

तुझी धाकटी बहीण
आणि सोमवारी दिवसभर तुझी मास्तरीण,
पमी