‘शेवट’ नावाचे फोल्डर

२७ ऑक्टोबर, रविवार
अखेर! उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारातच गाठले. म्हणाले, सलाम अण्णा, औंदा कापणीच्या सणाला उपदेश तुम्ही करायचा. मी म्हटले, विचार करून सांगतो. फाटकापर्यंत गेलो आणि परत येऊन हो म्हटले.
आमचे आप्पा निपाणीकडच्या खेड्यांतून सायकलवर उपदेश करत फिरले. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, सगळी नोकरी रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढली. एकदा तरी त्यांच्यासारखे व्यासपीठावर उभे राहायचे होते. खासबागला घरी पोचेपर्यंत डोळे वाहत होते. बायकोला, सुनंदाला, सांगितले, धूळ गेली.
सण २४ नोव्हेंबरला. भरपूर वेळ आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार
टिपणे तर लग्नाआधीपासून लिहितो आहे. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, लाईटबिलांवर, कॅलेंडरच्या फाटक्या पानांवर. ट्रंक भरली आहे. फक्त लावायचे राहिले. कागद लागले की उपदेश आपोआप तयार.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
शहरात एकीकडे कन्नड मंडळींची राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी मंडळींची काळ्या दिवसाची फेरी. घरात बसून काम करायला उत्तम दिवस. गॅलरीत उभा राहून दोन्ही घोषणा ऐकल्या.
निपाणीच्या शाळेत शिकवणारी आमची शाल्मली सुट्टीला आली आहे. तिने लॅपटॉपवर बायबल अभ्यासाचे सॉफ्टवेअर घालून दिले. अजब प्रकार! त्यात ‘माझी कागदपत्रे’ म्हणून जागा आहे. कागदाचा फोटो तिथे ठेवायचा, त्याला वचन जोडायचे. पुढे ते वचन उघडले की आपला कागद शेजारी हजर. शाल्मली म्हणाली, पप्पा, आधी उपदेश लिहा, कागद सणानंतर लावू. हल्लीच्या पोरांना पद्धत म्हणून नाही.

५ नोव्हेंबर
फोल्डर केले. ऑफिसच्या पद्धतीने.

६ नोव्हेंबर
कालची पद्धत चुकीची होती. सगळे मोडून नव्याने केले. जुना करार तपकिरी, नवा करार हिरवा. ‘सणाचा उपदेश’ सोनेरी. आत काही नाही, पण दिसतो झकास.
सुनंदाने विचारले, अवो, उपदेश लिवला काय? म्हटले, पाया भरतोय. म्हणाली, भरा की, पर छप्पर कवा घालतासा?

१० नोव्हेंबर, रविवार
देवळात महिला मंडळाच्या जयाबाई भेटल्या. म्हणाल्या, अण्णा, आप्पांचा उपदेश ल्हानपणी ऐकल्याला हाय, तुमची लई वाट बगालोय. मला भरून आले. तिथल्या तिथे विषय जाहीर केला: पेरणाऱ्याचा दाखला, काही बी वाया जाते, काही उगवते ती बायबलमधली गोष्ट. विषय ठरला म्हणजे निम्मे काम झाले. उरलेल्या निम्म्यासाठी दोन आठवडे म्हणजे चैनच. दुपारी झोपलो.

१३ नोव्हेंबर
झोपेतून उठताना कल्पना सुचली. प्रत्येक टिपणाचे तीन तुकडे करायचे: प्रस्तावना, मधला भाग, शेवट. तीन फोल्डर. पाहिजे ती प्रस्तावना, पाहिजे तो शेवट उचलायचा, जोडायचा. जन्मभराची सोय.

१६ नोव्हेंबर, शनिवार
‘प्रस्तावना’ ओसंडून वाहते आहे. ‘मधला भाग’ बरा आहे, पण बहुतेक कागद ‘आता मुख्य मुद्द्याकडे वळू’ इथे थांबतात. ‘शेवट’ रिकामा.
उघड आहे, सॉफ्टवेअरने गिळले. शाल्मलीला फोन केला. म्हणाली, ट्रंकेतले मूळ कागद बघा. बघितले. तिथेही शेवट नाहीत. खालचा भाग उंदरांनी खाल्ला असावा. कागद खालून शाबूत आहेत, ही गोष्ट वेगळी.
सुनंदा म्हणाली, तुमी शेवट कवा लिवलासा? च्या आला की उठतासा.
दुर्लक्ष केले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
संकेश्वरहून मेहुण्याने सणासाठी उसाची मोळी पाठवली. ती कुठे उभी करावी यात सकाळ गेली. दुपारी सुनंदा माझे पेन घेऊन स्वयंपाकघरात गेली, तासभर परत दिले नाही. सामानाची यादी करायला एवढा वेळ! अशाने माणसाने लिहायचे कसे?

२३ नोव्हेंबर, शनिवार
निर्णय पक्का. शेवट उत्स्फूर्त करायचा. आप्पा कुठे कागद घेत होते? मी लॅपटॉप घेणार, तेवढाच काय तो फरक.

२४ नोव्हेंबर, रविवार
व्यासपीठासमोर भोपळे, जोंधळ्याची कणसे, गूळ, आमचा ऊस, आणि हिंडलग्याच्या कोणीतरी आणलेला कोंबडा, पाय बांधून. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव असतो. त्यामुळे मंडळींनी भोपळे नजरेने आधीच वाटून घेतले होते.
पेरणाऱ्याचे वचन उघडले. सगळ्या प्रस्तावना शेजारी हजर. सॉफ्टवेअर उत्तम चालले, हे नोंदवलेच पाहिजे. पहिली वाचली, छान झाली. पुढे काही सुचेना म्हणून दुसरी वाचली. मग तिसरी. दर वेळी पेरणारा घरातून निघे आणि शेताच्या बांधावर थांबे. चौथ्यांदा निघाला तेव्हा कोंबडा आरवला. पोरे हसली. मग मोठीही हसली.
आप्पांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ‘शेवट’ उघडून पाहिले, रिकामेच.
तेवढ्यात बायकांच्या बाकावरून सुनंदा उठली आणि तिने कापणीचे गीत धरले. आमच्यात गीत सुरू झाले की मंडळी उभी राहते, आणि मंडळी उभी राहिली की उपदेश संपला. मी वेळ साधून आमेन म्हटले.
लिलावात भोपळा चढ्या भावाने गेला. वातावरण मीच तयार केले होते.

१ डिसेंबर, रविवार
पाळकसाहेब घरी चहाला आले. म्हणाले, पुढच्या सणाला उपदेश वहिनींचा ठेवू. अण्णांनी लिलाव घ्यावा, तीन वार म्हटले की संपतो.
ते गेल्यावर सुनंदाने एक लग्नपत्रिका पुढे केली. पाठीमागे तिचे अक्षर. पेरणाऱ्याचा दाखला. म्हणाली, सणाच्या आदल्या गुरुवारीच लिवलतं, तुमाला द्यावं म्हणून. तुमी मान वर केली न्हाईसा. आता ऱ्हाऊ दे, तुमच्या त्या मशिनीत लावून ठेवा.
वाचले. प्रस्तावनाच नाही. एकदम आप्पांच्या सायकलपासून सुरुवात. ते कुठल्या गावात किती लोकांपुढे बोलले, कोणी ऐकले, कोणी नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी सायकल कशी बाहेर काढली. खाली शेवट. पूर्ण.
फोटो काढून ‘शेवट’मध्ये ठेवला. फोल्डर आता रिकामे नाही. रंग कोणता द्यावा ते उद्या बघू.
डोळे चोळत होतो तेव्हा सुनंदाने बघितले. म्हटले, धूळ गेली. म्हणाली, व्हय, त्या दिवशीबी धूळच गेलती.