जपानहून आलेल्या गाडीचा भाव

मनीमाजरा, चंडीगड
१६ नोव्हेंबर

प्रिय निमिष,

तुझा मेसेज मिळाला. मार्चमध्ये आईला कायमचं कॅनडाला न्यायचं, फ्लॅट भाड्याने द्यायचा, त्याआधी गाडी काढायची, आणि "इंपोर्टेड आहे काका, किंमत चांगली यायला हवी." चार ओळींत विचारलंस, उत्तरही चार ओळींत देता आलं असतं. पण आकड्याखाली कारणं लिहिल्याशिवाय मी सही करत नाही, ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. तुझी आई सांगते की तू मराठी अजून मोठ्याने वाचतोस. तेव्हा घरात एकटा असशील तेव्हा हे वाच.

आकडा आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. त्याच कंपनीची, त्याच नावाची, त्याच वर्षाची, पण आपल्या देशात बनलेली गाडी आज इथे चार लाखांना जाते. तुझ्या आईच्या गाडीला सव्वादोन मिळतील. तू नेमकं उलटं धरून बसला असशील. सगळेच धरतात. परवाच झिरकपूरचा एक डीलर फोनवर मला म्हणाला, "सरजी, जपान दी गड्डी है, लाइन लग जाऊगी." लाइन लागेल, खरं आहे. लोक येतील, दार उघडून बघतील, सेल्फी काढतील आणि शेजारची देशी गाडी घेऊन जातील. कारण नवी घेताना माणूस मान बघतो, जुनी घेताना मेकॅनिक बघतो. ह्या गाडीचा पुढचा दिवा फुटला तर तो जपानहून मागवावा लागतो, आणि तोवर गाडी एका डोळ्याची. देशी गाडीचा दिवा इथल्या कुठल्याही दुकानात लटकलेला असतो. देशी गाडी आपल्या रस्त्यांसाठी जमिनीपासून जरा उंच ठेवलेली असते, हिचं पोट मात्र प्रत्येक स्पीडब्रेकरला विचारून पुढे जातं. विम्याच्या संगणकात सतरा अक्षरांचा चासी नंबर लागतो आणि हिचा नंबर आखूड, त्यामुळे दरवर्षी विमा कंपनीतल्या मुलाला मी स्वतः जाऊन समजावतो. गाडीत खोट काही नाही. फक्त ती जिथे बनली तिथल्यासाठी बनली, आणि इथे तिला ओळखणारी माणसं कमी. भाव त्यामुळेच पडतो.

हे मी कुठल्या डिप्लोमाच्या जोरावर सांगत नाही. कराडहून ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तेव्हा मला स्पॅनर कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. शेजारी डिक्शनरी ठेवून इंग्रजी मॅन्युअलं वाचली. आज चंडीगड आणि आसपासच्या बँका जुन्या गाडीवर कर्ज देताना माझी सही मागतात. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तुझे बाबा मला ह्याच गाडीमुळे भेटले. टोकियोच्या वकिलातीतली नेमणूक संपवून, रीतसर जकात भरून, त्यांनी ती आणली होती आणि तिची किंमत ठरवायला कुणी तयार नव्हतं. मी खाली झोपून एका बोल्टला अस्सल कराडी शिवी हासडली, तर वरून ग्रुप कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, "गाव कुठलं?" त्या दिवसापासून सौमित्रसाहेब माझे मित्र. तुझी यमुनाकाकू गेली त्या वर्षी ते दर शनिवारी माझ्याकडे येऊन बसायचे. बोलायचे नाहीत फारसं. पेपर वाचायचे, चहा प्यायचे, उठायचे. एवढं फार कमी लोकांना जमतं.

ते गेल्यावर गाडी सहा महिने झाकून होती. मग एके दिवशी तुझ्या आईने मला फोन केला, "भाऊजी, मला चालवायला शिकवा." मी म्हटलं, वहिनी, शिकायला साधी देशी गाडी बघू, घासली तरी हळहळ नको. तर म्हणाली, "घासली तर घासली. झाकून ठेवून मरतेय ती." बावन्नाव्या वर्षी बाई शिकली, निमिष. चंडीगडचे गोल चौक म्हणजे नवशिक्याची परीक्षा. एकदा सेक्टर ३४ च्या चौकात बाहेर पडायला फट मिळेना म्हणून तिने तीन फेऱ्या मारल्या. क्लासला निघालेली पोरं हसायला लागली, तर काच खाली करून त्यांना हिंदीत सुनावलं, "हँसो मत, बेटा, तुम्हारा भी एग्ज़ाम है." तू बघायला हवं होतंस. आज ती एकटी कसौलीचा घाट चढवते.

ह्या गाडीचा एफएम रेडिओ नव्वद मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाही. जपानात त्यांची स्टेशनं त्याच्या अलीकडे, आपली सगळी पलीकडे, त्यामुळे त्यात इथलं एकही स्टेशन लागत नाही. ग्राहकाला सांगितलं की तो लगेच पाच-दहा हजार कमी करतो. मीही ते वजा केलेत. पण नोंद म्हणून लिहितो, रेडिओ नसला की गाडीत बसलेल्यांना बोलावं लागतं.

आता तपासणी. मंगळवारी दुपारी सेक्टर ४७ ला तुमच्या घराखाली गाडी पाहिली. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग अखंड, म्हणजे पुढचा भाग कधी उघडलेला नाही. सगळ्या काचा एकाच वर्षाच्या. डाव्या मागच्या दाराला एक ओरखडा, तो तुझ्या आईचा आणि बिल्डिंगच्या खांबाचा. मी ओरखडा मोजत होतो आणि ती बाजूला उभी होती. मला म्हणाली, "समजा नाहीच विकली गेली, तर?" मी म्हटलं, विकली न जाणारी गाडी नसते, फक्त भाव कमी करावा लागतो. त्यावर ती म्हणाली, "तुम्ही ना, फार अवघड आहात." मनीमाजऱ्याच्या सिग्नलला पोचेपर्यंत मला काही कळलं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला तेव्हा कळलं. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि गाडी आतून पाहिली. गाडी आतून खोटं बोलत नाही, हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली, पाठीला उशी, म्हणजे चालवणारी व्यक्ती बुटकी. ती तुझी आई. एकाच माणसाने वापरलेल्या गाडीत बाजूची सीट कोरी असते. साहेब गेल्यानंतरचं पहिलं वर्ष ती कोरीच होती. तिथे तिची पर्स बसायची, शिकवताना मलासुद्धा ती मांडीवर घ्यावी लागायची. आता ती सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली आहे. पाठ थोडी कललेली आहे, कंबरदुखीवाल्या माणसाला लागते तशी. दाराच्या कप्प्यात चष्म्याचं एक घर आणि बडीशेपेची डबी. कुठलाही जाणता मूल्यमापक विचारेल, इथे रोज बसणारा उंच माणूस कोण? मी तुझ्या आईला म्हटलं, हे अहवालात येतं, काय करू? तिने चष्म्याचं घर उघडलं, काचा पदराने पुसल्या, परत जागेवर ठेवलं. म्हणाली, "निमिष इतक्या मायेने बोलावतोय की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही जे दिसलं ते सगळं लिहा. उरलेलं मी रविवारी बोलते."

तर लिहितो. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर गाडी चालवायची नव्हती. तेव्हा तुझी आई मला रोज कामावर सोडायची. ज्याने तिला क्लच-ब्रेक शिकवले, त्याला ती बाजूला बसवून न्यायची आणि वाटेत "भाऊजी, पाय आखडू नका, ब्रेक माझ्याकडे आहे" म्हणून चिडवायची. महिना संपला. डॉक्टरांनी परवानगी दिली. मी तिला तसं प्रामाणिकपणे सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नेहमीचा हॉर्न वाजला. मी माझ्या गाडीची किल्ली खुंटीला परत टांगली आणि जिना उतरलो. तेव्हापासून एक वर्ष झालं, परवापरवापर्यंत आम्ही दोघांनीही त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. एवढंच झालं, की पावसाळ्यात एकदा ती म्हणाली, मला वहिनी म्हणू नका. दुसरं काय म्हणायचं ते तिने सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही, त्यामुळे गेले तीन महिने मी तिच्याशी बिननावाचाच बोलतो. साहेबांची आठवण आमच्यात नाही असा दिवस नसतो. तो अडथळा आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्यांच्याबद्दल मनमोकळं बोलावं असं तिला माझ्याइतकं आणि मला तिच्याइतकं जवळचं दुसरं कुणी उरलेलं नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्या गाडीत आपला जीव गुंतला आहे, तिची किंमत आपण लिहायची नाही. वर दिलेला आकडा बरोबर आहे. गाडी न दाखवता मी तिघांकडून तो पडताळून घेतला, कारण ती विकली जाऊ नये म्हणून माझाच हात आखडला की काय, ही शंका मला झोपू देईना. पण त्याखाली मी सही करू शकत नाही, आणि का नाही ते तुला सांगायलाच हे पत्र लिहिलं. मी चोपन्न वर्षांचा आहे. मला तुझ्या आईशी लग्न करायचं आहे. मी तिला बुधवारी त्या गाडीतच विचारलं. ती म्हणाली, "आधी निमिष." तिला कॅनडाला यायचं असेल तर तुझ्याआधी मी तिची बॅग उचलीन, आणि गाडीसाठी दुसरा मूल्यमापक गाठून देईन, माझ्यापेक्षा कमी वाद घालणारा. पण तिला यायचं आहे का, हे तिला अजून कुणी विचारलेलं नाही. तूही नाहीस आणि मीही नाही. रविवारी तिचा फोन येईल. ती गाडीवरून सुरुवात करेल, मग दिव्यांच्या भावावर जाईल, मग थंडीवर, आणि तिथे अडकेल. तेव्हा घाई करू नकोस. फक्त एवढंच विचार, "आई, बाजूला कोण बसतं?" पुढचं तिला जमेल.

उत्तर काहीही असलं तरी
तुझाच,
अविनाशकाका